तीन मिलिमीटर

किसुमूच्या तंत्रशाळेत माझा हजेरी क्रमांक सतरा.
सोळा आणि अठरा माझ्या मुलाच्या वयाचे.
पहिल्या दिवशी मला पाहून ते उभे राहिले,
त्यांना वाटलं, नव्या बाई आल्या शिकवायला.

अकरा वर्षं मी माल कालवला.
बँकेच्या तळमजल्याचा, पेट्रोल पंपाच्या कुंपणाचा,
सरोवराकाठच्या त्या हॉटेलचा,
जिथे आता मला फाटकावरच थांबवतात.
डोक्यावर घमेलं, परातीवर गवंडी,
आणि वरून दिवसभर एकच शब्द: आण.
भिंतीचं वजन मला पाठ होतं,
तिची रेघ मात्र कायम दुसऱ्याच्या हातात.

ओगुटू सर फळ्यावर लिहितात:
सांध्यावर सांधा येऊ देऊ नये.
का, ते अर्धं पान भरून लिहा.
मी लिहिलं,
वरच्या विटेनं खालच्या दोघींचे हात धरायचे असतात.
एकीवर एक नुसत्या उभ्या राहिल्या
तर फट वरून खाली सरळ धावते,
बाजारात अफवा धावते तशी.
सरांनी अर्धा गुण कापला
आणि समासात लाल शाईनं लिहिलं, अपोंडी,
अफवा अभ्यासक्रमात नाही.

रात्री एकाच दिव्याखाली ओडेरा आणि मी,
त्याचं गणित, माझंही गणित.
तीन, चार, पाच म्हणजे काटकोन,
तो मला समजावतो,
ते ज्यानं शोधलं त्याचं नाव सांगतो, देश सांगतो.
मी कपडे वाळत घालायची दोरी सोडते,
समान अंतरानं गाठी मारते.
पाया आखताना आम्ही असंच करायचो, म्हणते,
तो माणूस कुठल्या साइटवर होता?
ओडेरा हसत नाही. दोरी ताणून धरतो,
टेबलाचा कोपरा तपासतो,
आणि टेबल वाकडं निघतं.

परीक्षेला सहा तास.
एक कोपरा, दहा थर.
वाळू आणि चुन्याचा कच्चा माल,
कारण सोमवारी सगळं पाडायचं असतं,
विटा घासून पुढच्या बॅचला द्यायच्या असतात.
सातव्या थराला ओळंबा सोडला
तर दोरी भिंतीपासून सुटलेली.
तीन मिलिमीटर.
मी आधी पाहिलं, परीक्षकांनी नंतर.
किप्रोनोनं खुणेनं विचारलं, पाडतेस?
चाळीस मिनिटं उरली होती.
आण, मी म्हणाले,
माझ्याच दुसऱ्या हाताला.

सोमवारी सगळ्यांच्या भिंती लाथेसरशी बसल्या.
माझी नाही.
किप्रोनोनं खांदा लावला, मग पहार आणली.
विटेचा टवका उडाला, सांधा तसाच.
सरांनी माल चिमटीत चुरायला घेतला,
चुरला नाही.
सिमेंट कुणी दिलं तुला?
कुणीच नाही. मुख्याध्यापकांच्या नव्या संडासाची गोणी
शेडमध्ये उघडी होती,
आणि माझ्या हातांना, देवाशपथ, विचारायची सवय नाही.
एकास चार, फावडं आपलं आपण मोजतं.

दंड: सगळ्या विटा आणि पाऊण गोणी, हप्त्यानं.
निकाल: पास. ओळंब्याचे गुण वजा.

भिंत अजून तिथेच आहे, आवाराच्या कोपऱ्यात,
कशालाच आधार न देणारी.
पहारेकरी तिच्यावर आपला रेनकोट वाळत घालतो.
नवी पोरं आली की सर त्यांना समोर उभं करतात
आणि विचारतात, दोष कुठे आहे?

परवा हप्ता भरायला गेले
तर एक मुलगी भिंतीला गाल लावून
एक डोळा मिटून बघत होती.
मला तर सरळच दिसते, म्हणाली.
मी कोण, ते सांगितलं नाही.
तिचं बोट धरून टेकवलं:
सातवा थर. इथून.